वाढत्या अंगाचं

१५ जानेवारी २०२५, बुधवार

काल संक्रांत. आईची चंद्रकळा नेसून ऑफिसला गेले. काळी, सुती, लाल काठाची, वर्षातून एकदा हळदीकुंकवापुरती ट्रंकेबाहेर येणारी. करी रोड ते सीएसएमटी उभ्यानेच प्रवास. भायखळ्याला चढलेल्या एका बाईंनी काही न बोलता काठ चिमटीत धरून बघितला आणि मसजिदला उतरताना म्हणाल्या, "जपा हो."

घरी येऊन कपाट उघडलं. गेल्या दोन वर्षांत घेतलेले सात तयार कुर्ते. त्यातले चार आता फक्त घरात घालण्याच्या लायकीचे. एकाची काखेत शिलाई उसवलीय. पुन्हा टीप मारायला गेले तर आत पाव इंचसुद्धा कापड नाही, कड न सुटण्यासाठी मारलेल्या ओव्हरलॉकच्या दोऱ्यालाच शिलाई लटकलेली. चंद्रकळा माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि तिला अजून कुठे भोक नाही.

तर ठरवलं ते असं. हे वर्षभर तयार कपडा विकत घ्यायचा नाही. घरातलं जुनं घालायचं, दुरुस्त करायचं, नाहीतर आपल्या हाताने शिवायचं. आतले कपडे आणि रेनकोट सोडून. आणि ते ऑफिसला, लोकलमध्ये, रोज घालायचं. लग्नसमारंभाला जुनं नेसणं सोपं असतं. कौतुक होतं, आणि हॉलला एसी असतो.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पगार कमी केला का तुझा?"

ट्रंकेत निघालेला माल: आईची तीन पाचवारी पातळं (पैकी एक खटाव मिलचं व्हॉईल, म्हणजे तलम सुती), एक इरकल, खणाचे दोन ब्लाउज, बाबांचे चार बुशशर्ट, दोन पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे, आजीचं एक लुगडं, ज्याची अर्धी गोधडी झालीय. याच्या दुप्पट तरी असायला हवं होतं. बाकीचं बोहारणीने नेलं. दोन इरकली आणि बाबांचा लग्नातला कोट यांच्या बदल्यात आलेल्या स्टीलच्या डब्यात मी आजही पोहे ठेवते. डबा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

मशीन काढलं. उषाचं, पायाचं, कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं. गेली अकरा वर्षं त्यावर टीव्ही होता.

तारीख लिहिताना लक्षात आलं. १९८२ साली याच तारखेला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा त्या अडीच लाखांतले. मी सहा वर्षांची होते. त्या वर्षी हे मशीन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री अकरापर्यंत चालायचं. आई अख्ख्या मजल्याचे ब्लाउज शिवायची. एका ब्लाउजचे किती पैसे घ्यायची ते तिला आठवत नाही, पण कोणी बुडवले ते नावानिशी आठवतं.

गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं होतं, असं आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलेलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी पट्टा बदलला होता का कधी?"

पट्ट्याचंच काम निघालं. चामड्याचा जुना पट्टा ताणून ढिला झालेला, चाक फिरतंय आणि सुई जागची हलत नाही. पट्टा पाऊण इंच कापला, टोकाला भोक पाडून तारेची पिन पुन्हा दाबली. बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, खाचेतून दोऱ्याचा धुरळा निघाला, अगदी नमद्यासारखा दाबून बसलेला. तेल सोडलं. पहिल्या टिपेला टाके सुटायला लागले. तासभर टेन्शनचा स्क्रू फिरवत बसले. मग आई उठली, सुई काढली, चपटी बाजू बघितली, फिरवून लावली आणि परत जाऊन झोपली. मी सुई उलटी लावली होती.

बॉबिन केस तपासायची तिची रीत लिहून ठेवते. दोरा धरून केस हवेत लोंबू द्यायची. हाताला हलका झटका दिला की ती दोन बोटं खाली सरकून थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर दोरा ढिला, जागची हललीच नाही तर घट्ट.

२६ जानेवारी, रविवार

आज दिवसभर एकच काम केलं, आणि तेही शिवणाचं नव्हे, उसवणाचं. खणाचा मोरपंखी ब्लाउज, आईच्या लग्नातला, १९७० चा. त्यावरून माझ्या मापाचा कागद काढायचा होता, म्हणून एक बाजू उसवायला घेतली. आईने परवानगी दिली ती अटीवर: ब्लेड लावायचं नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा.

खण हा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. पन्हा लहान, एका खणात एक चोळी निघेल एवढाच तुकडा. म्हणजे कापडाचा हिशेब आधीच घट्ट. तरीही बाजूची शिलाई उसवली तेव्हा आत सव्वा इंच दाब निघाला, म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा, पुढचा-मागचा धरून एकूण पाच इंच. बाहेरचा रंग उन्हापाण्याने राखाडीकडे झुकलेला, आतला मात्र दुकानातून आणल्यासारखा गडद.

दाब उलगडून खिडकीशी धरला, तेव्हा भोकं दिसली. सुईच्या भोकांच्या तीन ओळी. अगदी बारीक, उजेड पलीकडे असेल तरच दिसतात. सगळ्यात आतली ओळ आणि मधली ओळ यांत अर्ध्या इंचाचं अंतर. मधली आणि बाहेरची यांत त्याहून थोडं कमी. मधल्या ओळीचे टाके लहान आणि सरळ, मशीनचे. बाहेरची ओळ हातशिलाईची, मध्येच वाकडी होणारी.

आईला विचारलं. तिने चष्मा न लावता नुसतं बोट फिरवलं.

"ही लग्नातली. ही तुझ्या दादाच्या वेळची. आणि ही तुझ्या बारशाची. तेव्हा मशीन गहाण होतं."

मशीन कधी गहाण होतं हे मला आज पहिल्यांदा कळलं.

आमच्याकडे लहान मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पहिल्या वर्षी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. पण मोठ्या बायकांचे कपडेही वाढत्या अंगाचेच असत, फक्त ती वाढ आत दुमडून ठेवलेली असे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शिवणारीला माहीत होतं की हे अंग असंच राहणार नाही. माझ्या तयार कुर्त्याला अंग म्हणजे एम, एल, एक्सएल. बदललात तर दुसरा घ्या.

कागद निघाला. त्यावर सगळीकडे एक इंच दाब आखला.

९ फेब्रुवारी, रविवार

खटावच्या व्हॉईलचा कुर्ता बेतला. पांढऱ्यावर जांभळी बारीक फुलं. ही मिल आमच्याच पट्ट्यातली, भायखळ्याची, आणि तिचं व्हॉईल म्हणजे उन्हाळ्याचं पातळ, असं आईच्या पिढीचं समीकरण.

जुनं पातळ कापण्याआधी ते आधी वाचावं लागतं. सबंध लांबी खिडकीशी धरून सरकवत नेली. निऱ्यांच्या तळाशी कापड विरलेलं, बसायच्या जागी तर जाळी झालेली. पदर बरा, पण घडीच्या रेषांवर कमकुवत. वर्षानुवर्षं खळ घालून एकाच घडीत ठेवलं की सूत तिथेच मोडतं. सगळ्यात शाबूत निघाला तो आतला पहिला वार, जो कमरेला खोचला जातो आणि कोणाला दिसत नाही. दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणून बघायचं. तग धरला तर घ्यायचं, 'टर्र' असा आवाज आला तर सोडायचं. पाच वारांतून वापरता येण्यासारखं सव्वादोन वार निघालं. पाठ आतल्या वारातून, पुढचा भाग पदराकडून. फुलांचा रंग दोन्हीकडे थोडा वेगळा. चालेल.

सुई अकरा नंबर. कडा अशा: आधी सुलटीकडून बारीक टीप, मग उलटवून दुसरी टीप, म्हणजे कच्च्या कडा आत बंद. पातळ कापडाला ओव्हरलॉक शोभत नाही आणि टिकतही नाही.

बुधवारी घालून गेले. खिशात पास, फोन. (खिसा! दोन्ही बाजूंना, हात मनगटापर्यंत जाईल असा. बायकांच्या तयार कपड्यांना खिसा न देणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहीत नाही.) डब्यात दोघींनी विचारलं, कुठून घेतला. आईच्या ट्रंकेतून म्हटलं तर एकीने विचारलं, "ट्रंक कुठे आहे दुकान?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फाटला. काल संध्याकाळी, चिंचपोकळीला. उतरायला पुढे सरकताना वरची कडी धरली, मागून रेटा आला, आणि मागच्या मुंढ्याला, जिथे बाही जोडतात तिथे, 'टर्र'. पदराने झाकायची सोय नाही, कारण पदराचा तर कुर्ता केलेला. बॅग पाठीला लावून घरी आले.

आईने फाटका भाग बघितला आणि कापडाला दोष दिला नाही. "मुंढा खोल कापलास आणि बाही अरुंद. हात वर केलास की अख्खा कुर्ता वर ओढला जाणार, सगळा ताण शिलाईवर. बगल कुठे आहे?"

बगल म्हणजे काखेत घालायचा चौकोनी तुकडा. बाबांच्या जुन्या बंडीला होता, आजोबांच्या सदऱ्यालाही. मी तो नेहमी गरिबाघरचं ठिगळ समजत आले. तो चौकोन तिरका बसवतात. हात खाली असला की तो घडी होऊन आत जातो, हात वर केला की उघडतो. तिरक्यात कापड थोडं ताणतंही. शेतात, मागावर, बैलगाडीत ज्यांना हात वर करून काम करायचं होतं त्यांनी हे शोधलेलं, आणि लोकलच्या कडीला ते तंतोतंत लागू पडतं.

दोन्ही बाजूंना चार इंचांचे चौकोन घातले. उरलेल्या पातळातून. पहिल्या चौकोनाचा एक कोपरा तीनदा उसवला, कारण कोपऱ्यावर सुई नेमकी बिंदूवर थांबवून, मशीनचा पाय उचलून, कापड वळवायचं असतं, आणि मी दरवेळी एक टाका पुढे जात होते. फाटलेल्या जागी आतून पट्टी दिली. ती बाहेरून दिसते. आईला ते आवडलेलं नाही.

२ मार्च, रविवार

कुर्ता आतापर्यंत सहा वेळा घातला. बगल धरून आहे. बाकी आठवड्यात काहीच केलं नाही, मार्चएंड.

२२ मार्च, शनिवार

अर्धा दिवस. ऑफिसातून क्रॉफर्ड मार्केटवरून मंगलदास मार्केट. आत शिरलं की वारा बंद, आणि दोन्ही बाजूंच्या गाद्यांवरून "आओ बहनजी" सुरू. इथे पडताळायची रीत आईची: काठाजवळचा एक धागा ओढायचा आणि दुकानदाराला सांगूनच पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटात चुरगळणारी राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. 'प्युअर कॉटन' म्हणून दाखवलेल्या तिसऱ्या कापडाचा मणी झाला. दुकानदाराने शांतपणे दुसरा तागा काढला. भांडण नाही, काही नाही, त्याचंही रोजचंच.

कॅम्ब्रिक अडीच मीटर घेतलं, ब्लाउजला टू बाय टू रुबिया एक मीटर. मग भुलेश्वर: टिचबटणं, हूक, शिंपल्याची बटणं एक डझन, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. तयार पट्टी घेतल्याबद्दल आईचं ऐकून घ्यावं लागणार हे माहीत होतं.

काळबादेवीच्या गर्दीत एका टेम्पोने गाठींसकट रस्ता अडवलेला. हातगाडीवाले, शिव्या, हॉर्न. याच काळबादेवीत १२ डिसेंबर १९३० ला विदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा झाला. गिरणी कामगार. कापड विणण्यात आयुष्य घालवणारा माणूस कापडाच्याच गाठींखाली गेला, हे लहानपणी धड्यात वाचताना डोक्यात शिरलं नव्हतं. टेम्पो हलला, मीही हलले. गर्दीत उभं राहून फार विचार करता येत नाही.

घरी येऊन कॅम्ब्रिक रात्रभर पाण्यात. सकाळी वाळल्यावर मोजलं तर तीन इंच आटलं होतं. न धुता बेतलं असतं तर पहिल्याच धुण्यात कुर्त्याचं झबलं झालं असतं.

३० मार्च, गुढीपाडवा

नवीन कुर्ता गुढीखाली. उजवं काज फसलं. हाताने काज करायला अजून दहा-बारा वाया घालवावी लागतील. दादरच्या काज-बटणवाल्याकडे दोन मिनिटांत मशीनवर करून मिळतं. या कामापुरता माझा हातशिलाईचा अभिमान गुंडाळून ठेवला.

२० एप्रिल, रविवार

दादाची मुलगी आली होती. वय एकोणीस. तिला या प्रकल्पात माझ्याहून जास्त रस. बाबांचे बुशशर्ट बघून जवळजवळ किंचाळलीच. "आत्या, हे व्हिंटेज आहे! थ्रिफ्टवाले केवढ्याला विकतात माहितेय?"

चारपैकी दोन टेरिकॉटचे. सत्तरच्या दशकातली लांब टोकदार कॉलर, चॉकलेटी आणि पिस्ता. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सूत, ६७ आणि ३३ चं नेहमीचं प्रमाण. पन्नास वर्षांत त्याला काही झालेलं नाही. घडी तशीच, चमक तशीच, आणि माझ्या मते तो दोषच आहे. मुंबईच्या एप्रिलमध्ये एक तास घालून बघितला. अंगावर प्लास्टिकची पिशवी. बाबा हे घालून पाळीला जायचे, आणि आम्हाला वाटायचं त्यांना इस्त्रीची हौस. इस्त्री लागायचीच नाही, म्हणून तर घेतले होते.

सगळं जुनं चांगलं नसतं, एवढंच. पण तिला हवे आहेत. घेऊन जा म्हटलं.

तिसरा सुती. त्याची कॉलर बघताना मला काहीतरी वेगळं लागलं. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेकडे, कापड पूर्ण विरलेलं, आणि बाहेरची बाजू मात्र धड. असं कसं? घासते ती बाहेरच्या घडीवर. मग पट्टीजवळची शिलाई बघितली, दोरा शर्टाच्या रंगाचा नाही. कॉलर उसवून, उलटवून, पुन्हा लावलेली होती. झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. एका शर्टाचं आयुष्य दुप्पट.

"संपाच्या दुसऱ्या वर्षी," आई म्हणाली. "सगळ्यांच्याच उलटवल्या होत्या. कामाला विचारायला जायचं तर कॉलर नीट हवी."

भाचीने फोन काढला, फोटो घ्यायला. आईने शर्ट हातातून घेतला आणि घडी करून ट्रंकेत ठेवला. रागावली नाही, पण ठेवला. नंतर चहा करताना मला एवढंच म्हणाली, "तिला सांग, मी दोरा रंगाचा शोधला होता. दादरपर्यंत चालत जाऊन. मिळाला नाही."

२७ मे, मंगळवार

पाऊस काल आला. २६ मे! मुंबईत मोसमी पाऊस इतका लवकर आल्याची नोंद नाही म्हणतात. माझं सगळं वेळापत्रक कोसळलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रंक उन्हात टाकणार होते. ऊन गेलं.

काल हिंदमाताला पाणी, आज ऑफिसला दांडी. दिवसभर कपडे तपासले. इरकलीच्या घडीत कसर लागलीय. चार भोकं, बाजरीच्या दाण्याएवढी, एकाखाली एक, म्हणजे किडा घडीतून सरळ खाली गेला. दोष माझा. रेशमी पदर असलेली साडी मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, दमट हवा आत कोंडली. आता सगळं जुन्या मलमलीत बांधलं. डांबराच्या गोळ्या कापडाला न टेकवता पुरचुंडीत. घड्या बदलल्या, पूर्वी जिथे मोडायच्या तिथे आता नाही.

व्हॉईलचा कुर्ता पावसाळ्यात सगळ्यांत शहाणा. पंख्याखाली दोन तासांत वाळतो. कॅम्ब्रिकचा दीड दिवस घेतो आणि कुबट वास धरतो.

१३ जुलै, रविवार

इरकलीचं रफू. आधी ती एका लाँड्रीत दिली होती, दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांनी भोकांवर मागून चिकटपट्टीसारखं काहीतरी इस्त्रीने डकवून दिलं. काठ कडक झाला, भोकं तशीच. ते काढायला दोन रविवार गेले.

मग एक रफूवाले चाचा सापडले, जिन्याखाली बसतात, एक बल्ब, एक पाट. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इसी का धागा है?" बाहेरचा दोरा रंगात कितीही जुळला तरी धुतल्यावर वेगळा पडतो. साडीच्या आतल्या टोकाकडून, जिथे कोणी बघणार नाही, तिथून त्यांनी सात-आठ धागे ओढून काढले. आधी उभे धागे भरले, भोकाच्या पलीकडे चांगल्या कापडात अर्धा इंच शिरून. मग आडवे, एक वर एक खाली, मूळ विणीच्याच हिशेबाने. एका बाजरीएवढ्या भोकाला वीस मिनिटं. तेवढ्या वेळात ते दोनदाच श्वास सोडल्यासारखे वाटले. चौथं भोक त्यांनी मला करू दिलं. ते कुठलं, हे आता कोणीही सांगू शकेल.

कपड्यात जादा कापड का ठेवायचं याचं आणखी एक कारण आज मिळालं. दुरुस्तीचा दोरा त्यातच असतो.

३१ जुलै, गुरुवार

ते चार तयार कुर्ते आणि भाचीने परत आणून दिलेला पिस्ता बुशशर्ट ("आजी बरोबर होती, फार उकडतं") यांचं काय करायचं? बोहारीण आता आमच्या टॉवरमध्ये वॉचमन सोडत नाही. पायपुसणं करावं तर पॉलिस्टर पाणी टिपत नाही.

आजच्याच तारखेला, १९२१ मध्ये, इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कापडाची पहिली मोठी होळी झाली. लोकांनी अंगावरच्या टोप्या, कोट काढून टाकले म्हणतात. त्यामागचं राजकारण मला पटतं. पण टाका-टाका उसवायला शिकल्यापासून त्या ढिगाकडे मनातल्या मनात बघितलं की हात पुढे जातो: निदान बटणं तरी काढून घ्यायची. माझ्या ढिगाला तर जाळायचीही सोय नाही. तो जळणार नाही, वितळेल.

बटणं काढून घेतली. कापडाचे तुकडे करून उशीत भरले. उशी टोचते.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

लालबागमध्ये आज खिडकी उघडायची सोय नाही. इरकल नेसले. रफू कोणालाच दिसलं नाही, माझं सोडून. आरतीनंतर शेजारच्या वहिनींनी चौथ्या भोकावर नेमकं बोट ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीसाठी आईने स्वतःहून काहीतरी मागितलं. मोरपंखी खणाचा ब्लाउज, जो मी जानेवारीत एका बाजूने उसवून ठेवला होता आणि लाजेकाजेस्तव कच्च्या धावदोऱ्याने जोडून दिला होता. "दिवाळीला इरकलीवर घालेन म्हणते. बघ होतो का."

घालून बघितला. मोठा होतो. मे महिन्यातल्या आजारपणानंतर ती उतरलीच आहे, ते मला माहीत होतं, पण माप घेतलं नव्हतं. टेप लावला. तिने सवयीने श्वास आत घेतला, मग तिलाच हसू आलं.

छाती, कंबर, दंड, सगळं लिहिलं. मग दोन्ही बाजू सुईने उसवल्या, दुसरी बाजू पहिल्यांदाच. इस्त्री फिरवून दाब सपाट केला आणि खिडकीशी धरला. भोकांच्या तिन्ही ओळी होत्या तशाच. खडूने नवं माप आखायला गेले. बाहेरच्या ओळीच्या आत, मधल्या ओळीच्याही आत. खडूची रेघ सगळ्यात आतल्या ओळीवर जवळजवळ बरोबर बसली. दोराभर इकडे-तिकडे. मग रेघ पुसून टाकली आणि त्या जुन्या भोकांवरूनच टीप घातली, चाक हाताने फिरवत, एकेक टाका. काही ठिकाणी सुई आपणहून त्याच भोकात गेली.

आता आत दोन्ही बाजूंना पुन्हा सव्वा इंच जमलं. चोळीसारख्या अंगाबरोबरच्या कपड्यात एवढी जाड घडी काखेत टोचेल असं मला वाटलं, म्हणून कात्री घेतली.

"दाब कापू नकोस," आई पलंगावरून म्हणाली.

नाही कापला. हातशिलाईने हलकेच आत टाचून ठेवला. हूक घट्ट केले, एक बदलला. बगल घातली नाही. तिला आता लोकलची कडी धरायची नसते.